रिकामं रीडिंग

१

आमच्या घरात सगळ्यांत आधी मी उठतो, म्हणून सूनबाईला थायरॉइडची गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर बराच वेळ चहाचं नाव काढायचं नाही. नाश्त्यानंतरची फॉलिक ॲसिडची गोळी आमच्या हिच्या ताब्यात. ही एका शाळेची हेडमास्तरीण होती. निवृत्त झाली तरी घरात सगळे तिला हेडबाईच म्हणतात, आणि तिला ते आवडतं. चिरंजीवांकडे एकच काम होतं, सिगारेट सोडायची. ते त्याला सगळ्यांत जड गेलं. दिवसभर च्युइंग गम चघळत हिंडायचा. हेडबाई म्हणायच्या, "आपल्याला नातवंड होईल तेव्हा होईल, तोवर घरात रवंथ करणारं एक जनावर आहेच."

सूनबाईला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दुसऱ्या वेळेनंतर ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मग एका सकाळी स्वतःच उठून म्हणाली, "या वेळी आधीपासून तयारी करायची. नीट, अभ्यास केल्यासारखी."

म्हणून आम्ही चौघंही डॉक्टरबाईंकडे गेलो. एवढी माणसं बघून त्या म्हणाल्या, "अरे वा, शिष्टमंडळच आलंय!" त्यांनी रक्त तपासलं, साखर तपासली, रुबेलाची लस राहिली होती ती टोचली आणि त्यानंतर काही काळ थांबायला सांगितलं. कॉफी कमी, दारू बंद, वजन थोडं उतरवायचं, रोज चालायचं, मनाने कुठलंही औषध घ्यायचं नाही. आणि मग पेन खाली ठेवून त्या सूनबाईकडे वळल्या.

"एक नीट ऐका. पहिल्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा मुळातच नीट जुळून आलेला नसतो. जिना चढलात म्हणून, रडलात म्हणून, कामावर गेलात म्हणून असं होत नाही. तुमची चूक नव्हती. जेवढं हातात आहे तेवढं करू. बाकीचं हातात नाही, हे पचवणं हाही तयारीचाच भाग."

सूनबाईने मान डोलावली. मी मात्र घरी येईपर्यंत "जेवढं हातात आहे" याचीच यादी मनात वाढवत होतो. माझा स्वभावच तसा. जन्मभर ध्वनिशास्त्र शिकवलं, आणि एवढं शिकूनही मला कुठल्याच गोष्टीची खात्री वाटत नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी दोनदा परत येतो. आता कान गेल्यामुळे डाव्या कानात यंत्र लावावं लागतं. ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाला ऐकू येईनासं व्हावं यावर हेडबाईंनी करायचे ते सगळे विनोद करून झाले आहेत.

२

ठोके ऐकायचं यंत्र चिरंजीवांनी आणलं. हातात मावेल एवढी डबी, तिला वायरीने जोडलेला एक दांडा, आणि वर आकडा दाखवणारी छोटी पट्टी. दांड्याचं टोक पोटावर टेकवलं की बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, असं खोक्यावर लिहिलं होतं.

"अरे, अजून कशात काही नाही," हेडबाई म्हणाल्या. "बाळाच्या आधी बाळाचं यंत्र!"

"आई, तयारी म्हणजे तयारी."

"मग शाळेत नावही घालून ये."

सूनबाई हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, त्यामुळे यंत्र परत करायचा विषय तिथेच संपला. ते लहान खोलीतल्या कपाटात गेलं.

लहान खोली म्हणजे पूर्वीची माझी अभ्यासिका. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा माझी पुस्तकं बाहेर काढून ती रिकामी केली होती. नंतर पुस्तकं परत आत नेण्याचं धाडस कुणाला झालं नाही. आता तिथे इस्त्रीचं टेबल आहे, एक खाट आहे, एक कपाट. पश्चिमेची भिंत अगदी कोरी आहे. तिच्यापलीकडे शेजार नाही. इमारत तिथे संपते.

३

दुपारी घरात मी एकटा असतो. चिरंजीव कामावर, हेडबाई वाचनालयात, सूनबाई शाळेत. ती ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते.

त्या दुपारी मी यंत्र बाहेर काढलं, आणि त्याचं कारण मला अगदी सरळ वाटत होतं. प्रयोगशाळेत मी पहिल्या दिवसापासून मुलांच्या कानीकपाळी ओरडायचो की आधी रिकामं रीडिंग घ्या. मोजायची वस्तू समोर नसताना यंत्र काय दाखवतं ते बघा. नाहीतर यंत्राचा स्वतःचा आवाज तुम्ही वस्तूचा म्हणून उतरवून घ्याल. माझ्या विद्यार्थ्यांनी मला पाठीमागे ठेवलेलं नावही तेच होतं, "रिकामं रीडिंग". उद्या आमची पोरगी या यंत्रावर जीव टाकणार. ते खोटं बोलतं का, हे आज बघायला नको?

टेबलावर टेकवलं. नुसती खरखर. उशीवर टेकवलं. खरखर. सोबत आलेलं जेल लावून माझ्या मनगटावर धरलं, तर माझी नाडी आली. म्हाताऱ्याची, संथ, मधूनच अडखळणारी. यंत्र चांगलं होतं. मी ते पुसून ठेवणार होतो.

मग मी दांडा भिंतीला टेकवला. का, ते सांगता येत नाही. कदाचित प्रत्येक बाजूला एकदा हात लावून यायची ती माझी गॅसवालीच सवय.

भिंतीतून ठोके आले.

दोन खोल्या पलीकडे कुणीतरी शिवणयंत्र एकसारखं चालवावं, तसा तो आवाज होता. बारीक, जलद, न थकणारा. पट्टीवरचा आकडा थोडा नाचला आणि दीडशेच्या जवळ स्थिर झाला.

मी दांडा काढला. शांत. परत टेकवला. ठोके.

मला जे माहीत आहे ते इथे सांगायला हवं, कारण त्यामुळेच मी हादरलो. हे यंत्र कानासारखं ऐकत नाही. ते अतिसूक्ष्म ध्वनी आत पाठवतं, आत काही हलत असेल तर त्यावर आपटून तो बदलून परत येतो, आणि तो बदल यंत्र आपल्याला ऐकवतं. जेल नसेल तर ध्वनी आत शिरतसुद्धा नाही. कोरड्या भिंतीवर हे यंत्र बहिरं आणि मुकं असायला हवं. म्हणजे पाण्याचा पंप असेल, किंवा एखादं रेडिओ केंद्र शिरलं असेल, किंवा माझ्या कानातल्या यंत्राची आणि याची काहीतरी गडबड असेल. मी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. ठोके अंधुक झाले, पण होते. पंप बघून आलो. बंद होता.

मी भिंतीवर वर-खाली, डावी-उजवीकडे दांडा फिरवला. ठोके एकाच जागी होते. खाटेच्या जरा वर, बसलेल्या माणसाचं पोट येईल तेवढ्या उंचीवर.

४

पुढचे काही दिवस मी रोज दुपारी त्या खोलीत जात होतो. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. वय झालं की माणूस आधी स्वतःच्या डोक्यावरच संशय घेतो, आणि तो बरोबर ठरेल या भीतीने गप्प बसतो. रोज वाटायचं, आज ऐकू येणार नाही. रोज यायचं.

एकदा मी तसाच भिंतीला दांडा लावून उभा असताना मागून आवाज आला, "बाबा?"

सूनबाई लवकर परतली होती. खांद्यावरची पिशवी तशीच होती.

"काय तपासताय?"

"काही नाही ग. यंत्र. रिकामं रीडिंग घेत होतो."

"भिंतीचं?" तिने हसून पिशवी खाली ठेवली. "बघू."

मी दांडा काढून घेतला आणि यंत्र बंद केलं. तिला ऐकवायचं नव्हतं. पण ती शिकवते त्या मुलांना कानाने ऐकू येत नाही. ती मुलांचे हात टेबलावर, ढोलावर, स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्यांना आवाज शिकवते. तिने सवयीने दोन्ही तळहात भिंतीवर पसरून ठेवले आणि डोळे मिटले.

मला "नको" म्हणायचं होतं. पण नको म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि शहाण्या माणसाला सांगता येईल असं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं.

"पंप चालू आहे का आपला?" तिने विचारलं.

"नाही."

"छान ठेका आहे." आणि तिने बोटांनी भिंतीवर तो हलकेच वाजवून दाखवला. तोच. शिवणयंत्राचा. मग ती जरा पुढे सरकली आणि दमलेलं माणूस टेकतं तशी भिंतीला टेकली. कपाळ टेकवलं, पोट टेकवलं. "गार वाटतंय," म्हणाली. "किती बरं वाटतंय, बाबा."

मी तिला चहा करतो म्हणून बाहेर बोलावलं. ती लगेच आली नाही.

५

त्याच महिन्यात तिला दिवस राहिले.

चिरंजीव तो आनंद दाबत घरभर फिरत होता. कुणी मोठ्याने बोलायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे आम्ही सगळे चोरासारखे खूश होतो. मी जाऊन लहान खोलीची भिंत तपासली. टेकवलं, फिरवलं, खाटेच्या वर, खाली, कोपऱ्यात. खरखर. फक्त खरखर.

मला किती हायसं वाटलं! पंपच असणार, दुरुस्त केला असेल कुणीतरी. नाहीतर माझाच कान. रिकामं रीडिंग शेवटी रिकामं आलं होतं. त्या दिवशी मी दुपारी गाढ झोपलो.

पहिल्या सोनोग्राफीला डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. काळ्या पोकळीत एक इवलासा ठिपका, आणि त्याच्यात काहीतरी लुकलुकत होतं. "हे हृदय," त्या म्हणाल्या. "सध्या सगळं ठीक आहे. गोळ्या चालू ठेवा. आता बारावा आठवडा भरला की या."

चिरंजीवांनी यंत्राबद्दल विचारलं. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला.

"ते कपाटात ठेवा. इतक्या लवकर ठोके त्यावर बहुतेक सापडत नाहीत, आणि मग तुम्ही उगाच घाबरून इथे धावत याल. तेही परवडलं. पण उलटं झालं तर वाईट. आईचीच नाडी ऐकून लोक निश्चिंत होतात आणि यायचं तेव्हा येत नाहीत. सापडलं नाही याला अर्थ नाही, सापडलं यालाही अर्थ नाही. कळलं?"

"कळलं," चिरंजीव म्हणाला.

६

ऐकलं मात्र नाही. संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन तो यंत्र घेऊन बसायचा. सूनबाई सोफ्यावर आडवी व्हायची, हेडबाई चष्मा लावून जवळ सरकायच्या. घरात बातम्या बघायची जी वेळ होती, ती आता ठोक्यांची झाली.

आणि ठोके सापडायचे. पहिल्याच दिवशी सापडले. सापडायचे म्हणणंही खरं तर चुकीचं आहे, कारण शोधावं लागतच नव्हतं. डॉक्टरबाईंनासुद्धा पडद्यावर बघत पोटावर प्रोब, म्हणजे त्यांच्या यंत्राचा दांडा, सरकवत शोधावं लागलं होतं. इथे चिरंजीवांनी दांडा कसाही टेकवला, वर टेकवला, बाजूला टेकवला, की टेकवताक्षणी शिवणयंत्र सुरू. वाट बघत बसल्यासारखं.

"गुणी आहे," हेडबाई म्हणायच्या. "हाक मारली की ओ देतं. बापासारखं नाही."

आईची नाडी असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग सूनबाईचं मनगट हातात धरून मोजलं. तिची नाडी वेगळी होती, निम्म्याने संथ. म्हणजे बाळाचीच. मग मी आनंदी व्हायला हवं होतं.

पण मला तो ठेका ओळखीचा होता.

एका संध्याकाळी चिरंजीवांनी दांडा उचलला आणि जेल पुसायला कपडा घेतला. दांडा हवेत होता. ठोके आणखी थोडा वेळ चालू राहिले आणि मग, कुणाच्यातरी लक्षात आल्यासारखे, थांबले. बाकी कुणाचं तिकडे ध्यान नव्हतं. चिरंजीव काहीतरी सांगत हसत होता.

त्या दिवशी मला राहवलं नाही. सूनबाई आत गेल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. भिंत, दुपारी, तिने लावलेले हात. सांगताना माझं मलाच ते ऐकवत नव्हतं. मग हेडबाई उठल्या, लहान खोलीत गेल्या, दांडा भिंतीला लावला. आम्ही दोघं मागे उभे.

खरखर.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता भिंतीला दिवस गेले म्हणायचे का?"

चिरंजीव फसकन हसला. मग माझा चेहरा बघून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुम्ही फार विचार करता. आम्हीही घाबरलेलोच आहोत. पण तिच्यासमोर हे काढू नका, प्लीज."

"पण आता तिथे नाही, हेच तर..." मी म्हणालो आणि थांबलो. पुढचं वाक्य माझ्या डोक्यात पूर्ण तयार होतं. ते तोंडातून काढलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि मी असतो त्यांच्या जागी तर मीही नेलं असतं.

आता तिथे नाही, मग गेलं कुठे?

७

सूनबाईच्या उलट्या थांबल्या. एका सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेलो तर ती आधीच उठून खिडकीशी उभी. "आज एकदम हलकं वाटतंय, बाबा. मळमळ नाही, काही नाही. भूक लागलीय."

मी खूप वाचलं होतं. उलट्या थांबणं बहुतेक वेळा साधंच असतं, हे मला माहीत होतं. क्वचित ते साधं नसतं, हेही माहीत होतं. आणि ती दिवसभर पोटावर हात ठेवून बोटं हलवायची, हेही मी बघत होतो. ठेका धरायची. टेबलावर, पुस्तकावर, माझ्याशी बोलताना खुर्चीच्या दांडीवर.

बारावा आठवडा उलटला. डॉक्टरबाईंकडे जायचं राहिलं. आधी चिरंजीवांची मीटिंग होती, मग शाळेत मुलांचा कार्यक्रम.

"पुढच्या आठवड्यात जाऊ ना," सूनबाई म्हणाली. "रोज ऐकतोच आहोत की आपण."

"ऐकण्याला अर्थ नाही असं त्या म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

"बाबा, तुमचा आवाजावरच विश्वास नाही? तुमचा?" ती चेष्टेनेच म्हणाली.

मी घरात कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. "आज जायचं! आत्ता!" पेला माझ्या हातातून टेबलावर आपटला आणि पाणी सांडलं. हेडबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. सूनबाई माझ्याकडे बघत राहिली, आणि क्षणभर, मी चुकत असेन, माझी नजरही आता चांगली नाही, पण क्षणभर मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. तिने मान किंचित कलती केली होती. आतून कुणी तिला काही सांगत असावं आणि ती ते आधी ऐकून घेत असावी, तशी.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "जाऊया. पण बाबांनी आत यायचं माझ्याबरोबर. त्यांचा जीव टांगणीला लागलाय."

८

सोनोग्राफीची खोली लहान आणि अंधारी होती. पडदे ओढलेले, एसीचा गारवा, जेलचा तो थंड वास. हेडबाई बाहेर बाकावर थांबल्या. सूनबाई खाटेवर, चिरंजीव तिच्या पायाशी, आणि मला त्यांनी उशाशी खुर्ची दिली. यंत्राचा पडदा डॉक्टरबाईंकडे वळवलेला होता. सूनबाईला तो दिसत नव्हता. चिरंजीवांनाही नाही. मला दिसत होता.

"इतका उशीर का केलात?" डॉक्टरबाई जेल लावत म्हणाल्या.

"छान चाललंय म्हणून," सूनबाई म्हणाली.

त्यांनी प्रोब टेकवला. टेकवताक्षणी ठोके सुरू झाले.

खोली भरून गेली. घरच्या डबीपेक्षा कितीतरी मोठा, स्वच्छ, भरलेला आवाज. चिरंजीवांनी कोंडलेला श्वास सोडला. सूनबाईने डोळे मिटले आणि माझा हात शोधून धरला. "बघा बाबा. उगाच ओरडलात."

मी पडद्याकडे बघत होतो.

काळ्या पोकळीत बाळ होतं. आता ठिपका नव्हता. डोकं कळत होतं, मुडपलेले हातपाय कळत होते. ते तळाशी पडून होतं. डॉक्टरबाईंनी प्रोब फिरवला, चित्र मोठं केलं, छातीवर आणलं. मागच्या वेळी जिथे लुकलुकत होतं तिथे आता काही नव्हतं. त्यांनी पोट हलकेच दाबून हलवलं. बाळ पाण्यात बुडालेल्या फुलासारखं जरासं डोललं आणि परत तळाशी जाऊन पडलं. मला वैद्यकशास्त्र येत नाही. त्या चित्रासाठी ते यावंही लागत नाही.

ठोके चालूच होते. तोच वेग, तीच न थकणारी लय.

डॉक्टरबाईंचा डावा हात यंत्रावरच्या एका कळीवर गेला. त्यांनी ती दाबली. परत दाबली. मग आवाजाचं बटण हळूहळू पूर्ण शून्यावर नेलं. ठोके तसेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाई. ओठ न हलवता, जेमतेम मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आवाज मी सुरूच केलेला नाही."

मी कानातलं यंत्र काढलं. फरक पडला नाही. एवढा स्पष्ट आवाज माझ्या उघड्या कानांनी गेल्या कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

त्यांनी प्रोब पोटावरून उचलला. पडद्यावर काळं-करडं धुकं झालं. ठोके चालू.

"काय झालं?" सूनबाईने डोळे न उघडता विचारलं. "दिसतंय ना नीट?"

डॉक्टरबाईंनी प्रोब परत टेकवला. त्यांनी तो अशा कोनात तिरपा केला की बाळ चित्राच्या कडेला गेलं आणि त्याच्या मागचा, पोकळीबाहेरचा भाग आला, जिथे बघायचं काही कारण नसतं. आणि तिथे काहीतरी बाजूला झालं.

मी आकार सांगू शकणार नाही. त्याला आकार होता का हेही सांगता येणार नाही. अंधाऱ्या खोलीत कुणी बसलेलं असावं, दार उघडून उजेड अंगावर पडावा, आणि त्या माणसाने न गडबडता उजेडाबाहेर सरकावं, तेवढंच मी पाहिलं. डॉक्टरबाईंनी चित्र थांबवायची कळ दाबली. थांबलेल्या चित्रात काही नव्हतं. फक्त कोपऱ्यात निश्चल पडलेलं बाळ.

त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि जेलचा तो हात पांढऱ्या कोटावर पुसत राहिल्या. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"डॉक्टर?" आता चिरंजीव उठून उभा राहिला. "सगळं ठीक आहे ना? ठोके तर येताहेत."

"बाळाचं..." डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना पुढचा शब्द काढता येईना. असं वाक्य त्यांनी किती आयांना सांगितलं असेल, हळुवार, हात धरून. आज त्यांना ते सांगता येत नव्हतं, कारण खोली त्यांना खोटं पाडत होती.

सूनबाईने डोळे उघडले. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मान मागे वळवून माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती हळूहळू चढत होती, पण अजून पूर्ण चढली नव्हती. ठोके तिला धरून होते.

"बाबा, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतंय ना पडद्यावर? माझं बाळ आहे ना?"

तिला खरं सांगायलाच हवं होतं. सांगितलं नाही, तर ती हा आवाज ऐकत घरी जाईल, सोफ्यावर आडवी होईल, उपचार घ्यायला कधीच परत येणार नाही, आणि जे आत आहे ते आतच राहील. मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तोंड उघडलं. "पोरी," मी म्हणालो.

ठोके थांबले.

ते बंद पडले नव्हते. पलीकडच्या खोलीत आपलं नाव निघाल्यावर शिवणारं माणूस यंत्रावरचा पाय अलगद उचलतं आणि मान वर करतं, तसे ते थांबले होते. आणि त्या शांततेत आता खोलीतले ते तिघंच नाही, चौघं मी काय म्हणतो त्याची वाट बघत होते.